चित्र सुंदर, पण पान पिसता येतं का?

हल्ली मुलींना वाढदिवसाला द्यायला एक नवी वस्तू निघाली आहे. टॅरोचे पत्ते. जाड, कडक खोकं, पानांना सोनेरी कडा आणि एकेका पानावर कॅलेंडरला लाजवील असं चित्र. पूर्वी हे पत्ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात काचेआड दिसायचे. आता पार्सलवाला ते धाराशिवच्या गल्लीतही आणून देतो आणि कळंब-उमरग्यालाही. दुपारी चार जणी जमल्या की एखादीची लेक खोकं घेऊन येते. मग "माझंही एक पान काढ गं" म्हणत सगळ्या सतरंजीवर गोळा होतात.

पत्त्यांत भविष्य दिसतं की नाही, या वादात मला आज शिरायचं नाही. ज्याची त्याची श्रद्धा. माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. पोळपाट घेताना तो डुगडुगतो का, हे आपण दुकानातच टेकवून पाहतो. चकलीचा सोऱ्या घेताना दट्ट्या अडकतो का ते पाहतो. मग हजारभर रुपये मोजून पत्त्यांचा कॅट घेताना नुसतं चित्र का पाहायचं? पत्ता ही हातात धरायची, पिसायची, वाटायची आणि क्षणात ओळखायची वस्तू आहे. भिंतीवर लावायचं चित्र वेगळं.

तसं पाहिलं तर मनातला प्रश्न एखाद्या वस्तूपुढे ठेवणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. तुळजापूरला आईच्या देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरायचा, दोन्ही हात दगडावर टेकायचे. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हललाच नाही तर काम लांबणीवर. मोहिमेवर निघताना शिवाजीमहाराजही इथं कौल घेत, अशी श्रद्धा आहे. श्रद्धा बाजूला ठेवून नुसती वस्तू म्हणून पाहा. उत्तरं तीनच. पुस्तक नको, शिकवणी नको, अक्षरओळखही नको. शेतातून आलेली म्हातारी आणि शहरातून आलेली डॉक्टरीणबाई, दोघींना तो सारखाच वापरता येतो.

जत्रेतला पोपटवाला जोशीही आठवत असेल. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट डुलत यायचा आणि चोचीनं एक पाकीट ओढायचा. त्यात रंगीत चित्राचा कागद. (पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणं आता कायद्यानं गुन्हा आहे, ते बरंच झालं.) पण पाकीट चोचीत धरता येईल एवढंच, उभं लावलेलं आणि वरून ओढलं तर एकच निघेल असं असायचं. ज्याच्या हाती द्यायचं त्याचा, म्हणजे इथं पोपटाच्या चोचीचा, विचार त्यात होता. आताच्या कित्येक देखण्या कॅटांत बाईच्या हाताचा तेवढाही विचार दिसत नाही.

आधी टॅरो म्हणजे काय ते थोडक्यात. एकूण पानं अठ्ठ्याहत्तर. त्यांपैकी छप्पन्न आपल्या बदाम-इस्पिकच्या चुलतभावंडांसारखी: प्याले, नाणी, तलवारी आणि काठ्या असे चार रंग, प्रत्येकात एक ते दहा आणि वर चार मानकरी – राजा, राणी, स्वार आणि सेवक. उरलेली बावीस पानं खास चित्रांची: सूर्य, चंद्र, न्याय, मनोरा, मृत्यू वगैरे. ही पानं इजिप्तच्या पुजाऱ्यांनी लिहून ठेवलेलं गूढ ज्ञान आहे, असं खोक्यातल्या पुस्तिकेत बऱ्याचदा छापलेलं असतं. त्यावर बिलकूल विश्वास ठेवू नका. टॅरो जन्माला आला पंधराव्या शतकात, इटलीच्या उत्तर भागात, आणि तो जन्मला खेळ म्हणून! ती बावीस पानं म्हणजे हुकमाची पानं. इजिप्तची कल्पना कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकानं १७८१ मध्ये मांडली, आणि त्यानंतर भविष्य सांगण्याची टूम वाढत गेली. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरो आपल्या मेंढीकोटासारखा खेळतात.

आज आपल्याकडे जे कॅट येतात त्यांतले बहुतेक १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या एका कॅटाची लेकरं आहेत. त्याची चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईनं. जन्म १८७८ चा, लंडनचा. आईवडील अमेरिकन, लहानपणाचा काही काळ जमैकात गेलेला. आर्थर वेट या गूढविद्येच्या अभ्यासकानं कल्पना दिली, रायडर कंपनीनं पत्ते छापले आणि नाव पडलं 'रायडर-वेट'. चित्रं काढणारीचं नाव कितीतरी वर्षं त्यात नव्हतंच. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिनं स्वतःच एका पत्रात कळवलं होतं. १९५१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात ती गरिबीत वारली. पानांच्या कोपऱ्यात तिची वेलांटीसारखी वळलेली सही तेवढी राहिली. अलीकडे लोक त्या कॅटाच्या नावात 'स्मिथ' जोडू लागले आहेत. उशिरा का होईना.

पण मला तिचं कौतुक वेगळ्या गोष्टीचं आहे. तिच्या आधीच्या बहुतेक टॅरोंत तलवारीची नव्वी म्हणजे नुसत्या नऊ तलवारी असायच्या. अर्थ पाठ करा, नाहीतर पुस्तक उघडा. पामेलानं प्रत्येक पानावर माणसं आणली. तिच्या तलवारीच्या नव्वीत एक व्यक्ती रात्री अंथरुणात उठून बसली आहे, तोंड दोन्ही हातांत झाकलेलं, अंगावर गोधडी. ही काळजी आहे, हे सांगायला पुस्तक कशाला हवं? काठीच्या दश्शीत एक माणूस दहा काठ्यांचा भारा कवटाळून वाकून चालला आहे. सरपणाची मोळी वाहिलेल्या कुठल्याही बाईला ते पान दाखवा, अर्थ ती सांगेल. नाण्याच्या अठ्ठीत कारागीर बाकावर बसून एकामागून एक नाणी ठोकतो आहे. चित्र सुंदर आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते नवख्या माणसाच्या हातात लगेच चालू लागतं. शंभराहून अधिक वर्षं तो कॅट टिकला तो यामुळे.

आता नव्या कलात्मक कॅटांकडे या. चित्रकार हौशी असतो. त्याला वाटतं, हे जुनं जुनं काय काढायचं, आपण काहीतरी आगळं करू. मग गोधडी जाते, मोळी जाते आणि उरतात धुरकट रंग, एखादा डोळा, दोन फुलं. दिसायला झकास! पण पान हातात आलं की सगळ्या जणी पुस्तिका धुंडाळायला लागतात, आणि ती पुस्तिका मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

यानं काय होतं त्याचं एक उदाहरण सांगते. आमच्या ओळखीतली एक मुलगी. नर्सिंगचं शिक्षण पुरं झालेलं, सोलापूरला नोकरीचं पत्र आलेलं, दोन दिवसांत रुजू व्हायचं. मैत्रिणींनी गमतीनं तिच्यापुढे पत्ते धरले आणि निघालं तेरावं पान. मृत्यू. त्या कॅटातलं ते पान म्हणजे काळ्याभोर जमिनीवर पांढरी कवटी, बाकी काही नाही. पोरीचा चेहरा उतरला. रात्री जेवली नाही. "मी जाणार नाही, काहीतरी वाईट होणार," एवढंच बोलायची. आई बिचारी घाबरून माझ्याकडे आली.

मी त्या मुलीला पामेलाचं तेरावं पान दाखवलं. त्यातही सांगाडा आहे, चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसलेला. घोड्याच्या पायाशी राजा पडलेला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे. पण समोर एक लहान मूल गुडघे टेकून त्याच्याकडे न घाबरता पाहतं आहे, आणि मागे दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य आहे. पत्ते वाचणारेसुद्धा या पानाचा अर्थ 'एक पर्व संपलं, दुसरं सुरू' असाच सांगतात. म्हणजे शिक्षण संपून नोकरी लागलेल्या मुलीला याहून साधं पान कुठलं? नव्या चित्रकारानं मूल काढून टाकलं, सूर्य काढून टाकला, आणि ठेवली कवटी. त्याच्या दृष्टीनं चित्र जास्त ठसठशीत झालं असेल. पण वापरणारीच्या हातात विंचू दिला की त्यानं! मुलगी रुजू झाली. पत्त्यांमुळे नव्हे, आईनं बॅग भरून बसस्टँडवर नेऊन बसवली म्हणून.

तेव्हा कॅट घ्यायचाच असेल तर आधी तेरावं पान आणि तलवारीची पानं पाहून घ्या. तीच पानं घरात आणि घरातल्या मुलींच्या मनात राहणार आहेत. आणि पान वाईट आलं म्हणून उपाय सांगून पैसे मागणारं कुणी भेटलं, तर चहा पाजून दाराबाहेरची वाट दाखवा.

दुसरी गोष्ट पाठीची. पानाची पाठ कशी आहे ते कुणी बघतच नाही. टॅरोत पान सुलटं आलं तर एक अर्थ आणि उलटं आलं तर दुसरा, असं बरेच जण मानतात. म्हणजे पाठीवरची नक्षी दोन्हीकडून सारखीच दिसायला हवी, नाहीतर पान उचलण्याआधीच ते उलटं आहे हे कळतं आणि सगळी गंमत संपते. तरी पाठीवर एकच चंद्रकोर किंवा एकच मोर काढलेले कॅट सर्रास विकले जातात. मोर छान दिसतो, पण इथं त्याचं काम नाही.

आकाराचंही तसंच. टॅरोचं नेहमीचं पान साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा लांब असतं. आपल्या रमीच्या पत्त्याची लांबी नऊ सेंटिमीटरच्या आत. त्यात टॅरोची पानं अठ्ठ्याहत्तर आणि कागद जाड. माझ्या हातात तर निम्माच कॅट धरता येतो. दोन भाग करून पिसावा लागतो. कडांना लावलेला सोनेरी मुलामा नव्या कॅटात पानं एकमेकांना चिकटवतो, आणि चकचकीत प्लास्टिकचा थर पावसाळ्यात कोपऱ्याशी सुटू लागतो. यापेक्षा किंचित खरखरीत, बिनचमकीचा कागद चांगला. हाताला घाम आला तरी पान सरकतं. दुकानात नमुन्याचा कॅट उघडून दाखवत नसतील तर निदान एक पान हातात मागा. मागवलेल्या पार्सलात अर्थात तीही सोय नाही.

हे सगळं बघताना मला राहून राहून आपल्या गंजिफाची आठवण येत होती. नव्या पिढीतल्या कित्येक जणींनी हा शब्दही ऐकला नसेल. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. इराणकडून मोगलांबरोबर ते इकडे आले. बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. मोगली गंजिफाचे आठ रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण शहाण्णव. त्या आठांत तलवारी आहेत आणि नाणीही आहेत. म्हणजे टॅरोशी त्याचं दूरचं नातं लागतं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळचे जुने पत्ते जपून ठेवले आहेत. त्यांवरही प्याले, नाणी, तलवारी आणि काठ्या. इजिप्तचा संबंध लावायचाच तर एवढाच लावावा, पुजाऱ्यांचा नको.

आपल्या लोकांनी मात्र गंजिफा जसाच्या तसा ठेवला नाही. आठ रंगांच्या जागी दहा अवतार आणले. मत्स्याच्या रंगाला मासे, कूर्माला कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकशेवीस पानं. (राणी नाही, हे लक्षात आलं ना? टॅरोवाल्यांनी निदान राणीला जागा दिली.) दिवसा खेळायला बसलं तर डाव रामाच्या रंगानं सुरू करायचा आणि रात्री कृष्णाच्या.

आपल्याकडचा गंजिफाचा मोठा पत्ता म्हणजे सावंतवाडी. पण मराठवाड्याला दुसरंही एक ठिकाण जवळचं होतं: निर्मळ. आज ते तेलंगणात आहे, पण १९४८ पर्यंत आपला जिल्हा आणि निर्मळ दोन्ही निजामाच्याच राज्यात होती. तिथले नक्काश लाकडी खेळण्यांबरोबर गंजिफाही रंगवत.

आता हा जुना पत्ता हातात घेऊन बघा. आधी त्याचा गोल आकार. कोपरेच नाहीत, त्यामुळे कोपरे मुडपायचा प्रश्न नाही. पत्ता जुना झाला की पहिल्यांदा कोपराच पांढरा पडतो आणि मग घरातली पोरं 'हा इस्पिकचा एक्का' म्हणून पाठीवरून ओळखतात! गोल पानात ते होत नाही. आकडी पानं उलटसुलट कशीही धरली तरी वाचता येतात, कारण त्यांवर मासे किंवा परशू मोजायचे असतात. आणि पाठ? पाठ एकरंगी, बहुतेक लाल. किती शहाणपण आहे यात! हातानं रंगवलेली एकशेवीस पानं. पाठीवर नक्षी काढली असती तर एकही दुसऱ्यासारखी उतरली नसती आणि खेळणाऱ्यांनी खुणा पाठ केल्या असत्या. म्हणून सगळी कलाकुसर पुढे, पाठ कोरी. छापखान्याची सोय असलेल्या आजच्या चित्रकाराला जे सुचत नाही, ते चिताऱ्यांना सुचलं होतं.

सगळ्यांत मोठी युक्ती रंगांची. प्रत्येक अवताराची जमीन निराळ्या रंगाची. तीन जणांत एकशेवीस पानं वाटली की एकेकाकडे चाळीस येतात. चाळीस पानं हातात धरून पंखा केला की चित्रं झाकली जातात, पण काठाकाठाची जमीन दिसत राहते. लाल दिसली, हिरवी दिसली, पिवळी दिसली की रंग कळला. राजा आणि प्रधान यांतही गोंधळ होऊ नये याची काळजी घेतलेली असते. मोगली गंजिफात राजा तख्तावर बसलेला आणि प्रधान घोड्यावर. चेहरा बघायची गरज नाही, घोडा दिसला की पुरे.

पानांचा पायाही असाच विचारानं केलेला. कागदाचे, काही ठिकाणी कापडाचे, थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे. चिंचोका म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या अंगणातला. मधोमध फोडून फासे म्हणून खेळायला लहानपणी कुणी वापरला नाही! तो भाजून, साल काढून, दळून शिजवला की घट्ट खळ होते. वाळलं की घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा लेप. पान कडक होतं आणि हातातून सुळकन सरकतं. ठेवायला सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी.

एवढं चांगलं होतं तर मग गेलं का? दोष होतेच. पानांवर अंक नाहीत. सात परशू आणि आठ परशू घाईत सारखेच दिसतात. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्की लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं! घरात जुनं माणूस शिकवायला असेल तरच हे डोक्यात बसतं. त्यात हातानं केलेली वस्तू महाग. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले बावन्न पत्त्यांचे कॅट स्वस्तात येऊ लागले. कोपऱ्यात अंक, पानं निम्म्याहून कमी, फाटले तर चार आण्यांत दुसरे. गृहिणीनं कुठले घेतले असतील ते सांगायला नको. राजेरजवाड्यांचं तर विचारूच नका. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी एकोणिसाव्या शतकात नवेनवे गंजिफा रचले, त्यातला चामुंडेश्वरीच्या नावाचा एक तर तीनशेवीस पानांचा. तो मांडायला दिवाणखाना हवा आणि खेळायला पेन्शन!

सावंतवाडीची परंपरा विझायच्या बेतात असताना ती हातात धरली एका बाईनं. राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी. पानं करण्याची रीत नीट माहीत असलेले कारागीर फारच थोडे उरले होते. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून त्यांनी ती स्वतः शिकून घेतली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी या दोघांनी १९७० नंतरच्या वर्षांत राजवाड्यातच कामाची जागा करून दिली, तरुण मुलामुलींना शिकवलं. दरबार हॉलमध्ये मांडी घालून बसलेले चितारी आणि पुढ्यात वाळत घातलेली गोल पानं, हे दृश्य तिथं गेलेल्या अनेकांनी पाहिलं आहे. त्याच सुमारास मुंबईत राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन या जर्मन गृहस्थांनी देशभरचे गंजिफा जमवून त्यांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यावर प्रदर्शन झालं. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या, पण राजवाड्यातलं काम चालू राहिलं. अलीकडे या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हे सगळं फार चांगलं झालं. पण एक गोष्ट मला खुपते, ती बोलते. आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक जण तो चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. दहा अवतारांचे दहा राजे दिवाणखान्यात, बाकीची एकशेदहा पानं पेटीत! कारागिराला पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेळलाच नाही तर पुढच्या कारागिराला कसं कळणार की जमिनीचे रंग एकमेकांपासून लांबचेच का हवेत, पाठ एकरंगीच का हवी? दोन पिढ्यांत कुणीतरी पाठीवर मोर काढेल आणि कुणाला त्यात चूक दिसणार नाही. टॅरोचं तेच झालं. वापर सुटला की चित्र मोकाट सुटतं.

म्हणून सुचवते. घरात मूल-मुलगी असेल तर सुट्टीत कार्डबोर्डाचे गंजिफा करून बघा. बांगडी ठेवून गोल आखायचे. मोठ्या मापाची बांगडी बरोबर बसते. दहा अवतार जड वाटले तर सहा रंग घ्या, बहात्तर पानं होतात, तिघांत चोवीस-चोवीस. जमिनीला जलरंग, वर सोपी खूण: मासा, कासव, कमंडलू, परशू, बाण, तलवार. पोरांना सात आणि आठ कळेना तर काठाशी बारीक अंक लिहायला हरकत नाही. जुन्या लोकांनी लिहिला नाही म्हणून आपण लिहू नये असं थोडंच आहे? सुरुवातीला सगळ्याच रंगांत दश्शी मोठी धरा. एकानं उतारी करायची, दुसऱ्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं, मोठ्या पानाचा हात. हे अंगवळणी पडलं की मग निम्म्या रंगांत क्रम उलटा करा, आणि बघा मुलं कशी डोकं चालवतात. पिसायला मात्र बावन्न पत्त्यांसारखी फर्रकन मोडू नयेत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची, भेळ कालवावी तशी.

खरे सावंतवाडीचे गंजिफा घरात असतील तर त्यांच्याविषयी थोडं. ओल्या फडक्यानं पुसू नयेत, कोरडं मलमल वापरावं. खेळायला बसण्याआधी हाताचं तेल धुऊन टाकावं, शेव-चिवड्याची ताटली लांब. पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवू नये. उष्णतेनं लाख मऊ होते आणि पानं एकमेकांना धरतात. पावसाळ्यात दहा-बारा पानांमागे एक पातळ कागद घालावा आणि महिन्यातून एकदा पानं बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, उन्हात नव्हे. रबरबँड लावू नये, तो वितळून लेपाला चिकटतो. सुती नाडी पुरते.